ॲलर्जीची त्वचा आणि मॉइश्चरायझरची पारख

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. आयुष्मान आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना खाजेचा जुनाट त्वचारोग जडला होता. अंगातून स्राव येई आणि चीवर अंगाला चिकटून बसे. सोबतचे भिक्खू ते चीवर पाण्याने भिजवून हलकेच सोडवीत. विहारात फिरत असताना तथागतांच्या दृष्टीस हे पडले. त्यांनी विचारपूस केली आणि खाज, पुळ्या किंवा स्राव असणाऱ्या भिक्खूंना औषधी चूर्ण वापरण्याची, तसेच चिवराच्या आत एक वेगळे आच्छादन वापरण्याची अनुज्ञा दिली. त्या आच्छादनाला पालीत 'कण्डुपटिच्छादि' असे नाव आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. त्वचेला त्रास देणारी वस्तू तिच्यापासून दूर ठेवावी आणि तिला सोसेल तेवढेच तिच्यावर लावावे. आजचे त्वचारोगतज्ज्ञही मूलतः हेच सांगतात. परंतु बाजारात गेल्यावर आपण नेमके उलट करतो. खाज सुटली की जाहिरातीतले सुगंधी लोशन आणतो, त्याने भागले नाही की दुसरे आणतो, आणि मूळ त्रासात नव्या त्रासाची भर घालतो. ज्यांच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते त्यांना हा खर्चही परवडणारा नसतो. म्हणून संवेदनशील व ॲलर्जी असणाऱ्या त्वचेसाठी मॉइश्चरायझर कसे निवडावे, याची माहिती आपल्या संस्थेचे सभासद आणि विद्यार्थी यांच्यासाठी येथे देत आहे.

त्वचेची भिंत

त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्या मधले स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. या चुन्यात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्ले असतात. ही भिंत आतले पाणी बाहेर उडू देत नाही आणि बाहेरची धूळ, जंतू व रसायने आत शिरू देत नाही. चुना निसटला की भिंतीला फटी पडतात. त्वचा कोरडी होते, खाज सुटते, खाजवल्याने फटी वाढतात आणि ॲलर्जी निर्माण करणाऱ्या पदार्थांना आत जायला वाट मिळते.

काही जणांची ही भिंत जन्मतःच कच्ची असते. त्वचा घट्ट ठेवणाऱ्या 'फिलॅग्रिन' नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसब होण्याची शक्यता वाढते, हे २००६ साली संशोधनातून पुढे आले. तेव्हा एखाद्या मुलाची त्वचा सतत खरखरीत राहत असेल तर त्यात आईचा निष्काळजीपणा नाही, मुलाचा अस्वच्छपणा नाही आणि पूर्वजन्मीचे पाप तर मुळीच नाही. इसब आणि ॲलर्जी हे रोग एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. अशा मुलाला वर्गात वेगळे बसवणे किंवा त्याच्या हातचे पाणी टाळणे हे अज्ञान आहे. अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या समाजाने तरी ते आपल्या घरात शिरू देऊ नये.

आपल्या भागातील कारणे

अकलूज आणि माळशिरस तालुक्याचा हा प्रदेश कमी पावसाचा. उन्हाळा कडक आणि थंडीच्या दिवसांत वारा कोरडा. अनेक घरांत बोअरचे जड पाणी. जड पाण्यात साबण नीट धुऊन निघत नाही, त्याचा थर अंगावर राहतो. त्वचेचा स्वभाव किंचित आम्लधर्मी असतो, तर साधा साबण अल्कधर्मी असतो. म्हणून दिवसातून दोन वेळा खसाखसा साबण लावणाऱ्याची त्वचा अधिक कोरडी पडते.

यात कामाची भर पडते. ऊसतोडीच्या हंगामात पाचटाच्या धारेने हात चिरतात आणि उसाची कूस अंगाला लागून खाज सुटते. गवंड्यांना आणि बिगारी कामगारांना सिमेंटमधील क्रोमेटमुळे हातांना चिवट इसब होते. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींचे हात सोडा आणि साबणाने भेगाळतात. कानातल्या खोट्या दागिन्यांतील निकेलमुळे पाळ्या चिघळतात.

आणखी एक शत्रू आपल्या बांधावर उभा आहे, तो म्हणजे गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात. मूळचे अमेरिका खंडातील हे तण भारतात प्रथम पुण्यात १९५५च्या सुमारास नजरेस आले. आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. पुढे पुणे परिसरात त्वचारोगाचे रुग्ण दिसू लागले आणि १९७०च्या दशकात तेथील डॉक्टरांचे त्यावरील अभ्यास वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. या गवतातील 'पार्थेनिन' या द्रव्याची ॲलर्जी झाली की पापण्या, मान, कोपराच्या लवणी अशा जागी खाज, लाली आणि पुढे जाड काळपट चट्टे येतात. गवत उपटले नाही तरी वाळलेल्या पानाफुलांचे कण वाऱ्याबरोबर येऊन त्रास देतात. मॉइश्चरायझर निवडताना हे गवत ध्यानात ठेवावे लागते, ते कसे हे पुढे येईलच.

जळजळ आणि ॲलर्जी

या दोन गोष्टींत बहुतेकांची गल्लत होते. जळजळ कोणालाही होऊ शकते. भेगाळलेल्या हाताला लिंबू किंवा सोडा लागला की लगेच झोंबते, यात ॲलर्जी नाही. ॲलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या पदार्थाला शत्रू म्हणून ओळखून ठेवते. तो पदार्थ पुन्हा लागला की साधारण एक ते तीन दिवसांनी खाज आणि पुरळ येते. एवढा काळ मध्ये गेल्याने खरा अपराधी सापडत नाही आणि आपण काल खाल्लेल्या वांग्यावर ठपका ठेवतो. शिवाय वर्षानुवर्षे सोसलेल्या पदार्थाचीही ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते. 'हे तर मी लहानपणापासून लावतो' हा पुरावा येथे चालत नाही.

तीन प्रकारचे पदार्थ

मॉइश्चरायझर म्हणजे त्वचेत ओलावा टिकवणारे मलम. त्यात तीन प्रकारचे घटक असतात.

पहिला प्रकार झाकण घालणाऱ्यांचा. पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन हे त्यातले प्रमुख. ते पाणी उडू देत नाहीत. शुद्ध पांढरी पेट्रोलियम जेली या कामी सर्वांत प्रभावी आहे, स्वस्त आहे आणि तिची ॲलर्जी अत्यंत क्वचित होते. अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ साली तिचे पेटंट घेतले, म्हणजे दीडशे वर्षांचा अनुभव तिच्या पाठीशी आहे. दोष एवढाच की आपल्याकडील उन्हाळ्यात ती चिकट वाटते. म्हणून ती रात्री लावावी.

दुसरा प्रकार पाणी धरून ठेवणाऱ्यांचा. ग्लिसरीन आणि युरिया हे त्यातले. ग्लिसरीन चांगले, पण निखळ ग्लिसरीन कोरड्या हवेत लावू नये, कारण ते त्वचेच्या आतले पाणी ओढून घेऊ शकते. ते क्रीममध्ये मिसळलेले असावे. टाचांच्या जाड कातडीला युरिया उपयोगी आहे, मात्र उघड्या भेगांवर आणि लहान मुलांच्या त्वचेवर तो झोंबतो.

तिसरा प्रकार फटी भरून त्वचा मऊ करणाऱ्यांचा. यात सेरामाइड, डायमेथिकोन आणि काही तेले येतात. सेरामाइडयुक्त क्रीम चांगली असतात, पण महागही असतात. परवडत असतील तर घ्यावीत, न परवडल्यास खंत करू नये. साध्या पॅराफिन व ग्लिसरीनच्या क्रीमनेही बहुतेकांचे काम भागते.

घरगुती तेलांविषयी थोडे. खोबरेल तेल कोरड्या त्वचेला उपयोगी असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. मात्र चेहऱ्यावर मुरुमे येणाऱ्यांनी ते तोंडाला लावू नये. शहरात बाळांना लावण्यासाठी लोक महागडे ऑलिव्ह तेल आणतात, पण त्याने त्वचेची भिंत कमजोर होते असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. इसब असलेल्या बाळाच्या फुटलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल किंवा दुधाची साय चोळू नये. त्या वाटेने खाद्यपदार्थाचीच ॲलर्जी जडण्याचा धोका असतो. ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू हे आपल्याकडचे आवडते मिश्रण आहे. त्यातले लिंबू झोंबते आणि उन्हात गेल्यास डाग पाडते, तर गुलाबपाण्यातील सुवास ॲलर्जीवाल्याला बाधू शकतो.

वेष्टनावरील यादी वाचा

मलमाच्या वेष्टनावर पुढच्या बाजूला जाहिरात असते आणि मागच्या बाजूला माहिती. आपण मागची बाजू वाचावी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावेत असा आपल्याकडे नियम आहे. अगदी छोट्या पुड्यांवर व डब्यांवर बहुधा ही यादी नसते, म्हणून ॲलर्जी असणाऱ्याने त्या घेऊ नयेत. इंग्रजी अक्षरे बारीक असतात, परंतु घरातील शाळकरी मुलामुलींनी आईवडिलांना ही यादी वाचून दाखवावी. शिक्षणाचा हाही एक उपयोग आहे.

यादीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. सुवास: यादीत 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' असा शब्द असेल तर ते क्रीम बाजूला ठेवावे. सौंदर्यप्रसाधनांच्या ॲलर्जीत सुवासिक द्रव्यांचा वाटा फार मोठा आहे. 'अनसेंटेड' लिहिलेले असले तरी मूळ वास झाकण्यासाठी सुवास मिसळलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स फ्री' हा शब्द अधिक भरवशाचा.

२. टिकाऊपणासाठीची रसायने: पाणी असलेल्या क्रीममध्ये ती लागतातच. त्यातले 'मिथाइलआयसोथायझोलिनोन' टाळावे. त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण इतके वाढले की युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी केली. याउलट 'पॅराबेन'ची भीती बरीच घातली जाते, पण ॲलर्जीच्या दृष्टीने ते सौम्य आहे. अमेरिकेतील संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली त्याचा उल्लेख मुद्दाम 'ॲलर्जी न करणारा' पदार्थ म्हणून केला. पेट्रोलियम जेलीत पाणीच नसल्याने तिला अशा रसायनांची गरज पडत नाही.

३. लॅनोलिन: मेंढीच्या लोकरीपासून मिळणारी ही चरबी अनेकांना चालते, परंतु जुनाट इसब असणाऱ्या काहींना बाधते.

४. वनस्पतींचे अर्क: यादीत वनस्पतींची नावे जितकी जास्त, तितक्या शंकेच्या जागा जास्त.

'हर्बल' आणि 'हायपोॲलर्जेनिक'

'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' अशी समजूत घराघरांत आहे. गाजर गवतही नैसर्गिकच आहे. हे गवत सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातले. याच कुळातील कॅमोमाइल, कॅलेंडुला, आर्निका यांचे अर्क अनेक 'हर्बल' क्रीममध्ये असतात. ज्याला गाजर गवताची ॲलर्जी आहे त्याला या अर्कांचीही बाधा होऊ शकते. म्हणजे बांधावरचा शत्रू आपण पैसे देऊन डबीतून घरी आणतो. आपल्या तालुक्यातील शेतमजुराने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

'हायपोॲलर्जेनिक' म्हणजे कमी ॲलर्जी करणारे. शब्द भारदस्त आहे, पण त्याच्यामागे सक्तीची कसोटी नाही. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली या शब्दासाठी नियम केला होता. प्रसाधने बनवणाऱ्या कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ साली तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तेथे हा शब्द ज्याचा त्याने आपल्या मर्जीने वापरावा अशी स्थिती आहे.

स्वतः पारखून घ्या

कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपणा सर्वांना परिचित आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः अनुभवून पाहा, असा त्याचा आशय. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात ते याच अर्थाने. मलमाच्या बाबतीतही हाच मार्ग योग्य आहे.

नवे क्रीम आणल्यावर ते एकदम तोंडाला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोन वेळा, सात ते दहा दिवस लावावे. ती जागा धुऊ नये. खाज, लाली किंवा पुरळ आले तर ते क्रीम आपले नव्हे. काहीच झाले नाही तर वापरण्यास हरकत नाही. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी, म्हणजे दोष कोणाचा हे कळते.

येथे घरचा अनुभव सांगतो. माझ्या पत्नीच्या हातांना आणि मानेला दोन वर्षे खाज होती. त्या काळात आम्ही एकामागून एक पाच सुगंधी लोशने आणली. बँकेत लिपिक असल्याने मला नोंदी ठेवण्याची सवय आहे. शेवटी एक वही केली. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात काय लावले व कोणते काम केले, तिसऱ्यात खाज किती. दोन महिन्यांनी नोंदी चाळल्या तेव्हा दिसले की नवे लोशन सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांनी खाज वाढलेली आहे आणि शेतावर जाऊन आल्यावरही वाढलेली आहे. ती वही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली. सुवासिक द्रव्ये आणि गाजर गवत या दोहोंची ॲलर्जी निघाली. आज घरात पेट्रोलियम जेली आणि बिनवासाचे एक साधे क्रीम एवढेच आहे. गवताच्या दिवसांत काळजी घ्यावी लागते, पण रात्रीची झोप परत आली.

वर उल्लेखिलेल्या चाचणीला 'पॅच टेस्ट' म्हणतात. यदासोहन या जर्मन वैद्याने १८९५ साली तिची माहिती प्रथम मांडली. निरनिराळे पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर ४८ तास ठेवतात, नंतर आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी त्वचा तपासतात. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेल्या पदार्थांच्या संचात गाजर गवताचाही समावेश आहे.

लावण्याची पद्धत

उत्तम मलमही चुकीच्या रीतीने लावल्यास वाया जाते. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरकावी. साबण काखा, जांघा, पाय अशा गरजेच्या जागीच लावावा. अंग टॉवेलने टिपावे, घासू नये. त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावावे. केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरावे. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल तेवढे मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून किमान दोन वेळा लावावे आणि त्वचा बरी दिसू लागली तरी थांबू नये. अंगभर इसब असेल तर आठवड्याला पाव किलोपर्यंतही मलम लागते. म्हणून महागड्या छोट्या ट्यूबपेक्षा साध्या मलमाचा मोठा डबा घेणे शहाणपणाचे. डब्यातील मलम स्वच्छ चमच्याने काढावे.

पॅराफिनचे मलम मुरलेले कपडे विस्तवाजवळ चटकन पेट घेतात. चुलीपुढे, गॅसपुढे काम करणाऱ्या भगिनींनी आणि बिडी ओढणाऱ्यांनी हे विसरू नये. असे कपडे रोज बदलावेत.

गोरेपणाचा मोह

आपल्या मुलामुलींना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कोरड्या त्वचेला मॉइश्चरायझर लागते. गोरे करणारे क्रीम कोणत्याही त्वचेला लागत नाही. दुकानदाराने किंवा मैत्रिणीने सुचवलेल्या अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमे उठतात आणि मलम थांबवले की आग होते. हा गैरवापर पाहून केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करणाऱ्या 'शेड्यूल एच'मध्ये घातली. काही क्रीममध्ये पारा असतो. २०२३ साली अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममुळे इजा झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि मुंबईत केलेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. काळा रंग हा रोग नाही. माणसाची किंमत रंगावरून ठरवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आपले आजोबा-आजी उभे राहिले. त्यांच्या नातवंडांनी तीच व्यवस्था डबीतून विकत घेऊ नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

मॉइश्चरायझर सर्व रोगांवरचे औषध नाही. रात्री खाज वाढते आणि घरातील अनेकांना आहे, तर ती खरूज असू शकते. कडेने वाढत जाणारा गोल चट्टा गजकर्णाचा असू शकतो. फिकट वा लालसर चट्टा सुन्न असेल, तेथे टोचलेले कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. त्वचेतून पू येणे, ताप असणे, डोळ्यांभोवती सूज येणे, किंवा दोन आठवड्यांत फरक न पडणे, अशा वेळी विलंब करू नये.

थोडक्यात सांगायचे तर कमी घटकांचे, बिनवासाचे, मोठ्या डब्यातले आणि स्वतःच्या कोपरावर पारखलेले मलम निवडावे. त्याबरोबर मूळ कारण दूर करावे. गाजर गवत फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे घालून उपटावे. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना या कामापासून दूर ठेवावे. विहाराच्या आवारापासून या कामाला सुरुवात करण्यास काय हरकत आहे?

शेवटी पुन्हा बुद्धचरित्राकडे वळू. धम्मपदाच्या अट्ठकथेत तिस्स नावाच्या भिक्खूची कथा आहे. त्याच्या सर्वांगावर फोड उठून चिघळले होते. दुर्गंधीमुळे सोबत्यांनीही त्याला टाकून दिले. तथागतांनी स्वतः पाणी तापवले, त्याला कोमट पाण्याने न्हाऊ घातले आणि त्याची वस्त्रे धुऊन वाळवून घेतली. आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात असा कोणी तिस्स असेल. लाजेने हात पदराखाली झाकणारी एखादी भगिनी असेल. तिला ही माहिती वाचून दाखवावी आणि जमल्यास तिच्याबरोबर दवाखान्यात जावे, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय. जय भीम.